चप्पल निसटते, पाय लटकतो... पोलिओ, कुष्ठरोग की 'नस दबली'? घराण्यातून येणारा 'सीएमटी' इतका उशिरा का ओळखला जातो?

जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्राने एक नवा शब्द शिकला, जीबीएस. म्हणजेच गियां-बारे सिंड्रोम. पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात धायरी, किरकटवाडी, नांदेड अशा भागांतून रुग्ण सापडत गेले आणि संशयितांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. बातम्यांमधलं हे 'नांदेड' पुण्याचं होतं, मराठवाड्याचं नव्हे. पण पायातली ताकद जाण्याची भीती मात्र राज्यभर पोहोचली. हातापायाला मुंग्या आल्या तरी लोक गुगल करू लागले.

जीबीएसची बातमी झाली, कारण तो अचानक येतो. काल चालणारा माणूस आज उठू शकत नाही. पण नसांचा असाही एक आजार आहे, जो वर्षानुवर्षं हळूहळू पुढे सरकतो. तो आईवडिलांकडून येतो, साथ पसरवत नाही आणि बातमीतही येत नाही. लहानपणी मुलगा धावताना अडखळतो, तेव्हा 'वेंधळा आहे' म्हणून सोडून देतात. पंचविशीत पायातून चप्पल निसटू लागते, तेव्हा 'मणक्यात गॅप आहे' असं सांगितलं जातं. चाळिशीत हाताची बोटं आखडतात आणि गावात वेगळीच कुजबुज सुरू होते.

या आजाराचं नाव आहे शार्को-मारी-टूथ, थोडक्यात सीएमटी. नावातल्या 'टूथ'चा दाताशी काही संबंध नाही. १८८६ मध्ये पॅरिसच्या शार्को आणि मारी यांनी आणि इंग्लंडच्या टूथ यांनी या आजाराचं वर्णन केलं, म्हणून ही तीन आडनावं.

नांदेड आणि लातूरच्या संदर्भात हा आजार समजून घ्यायला हवा. कारण सीएमटी ज्या-ज्या आजारांसारखा दिसतो, ते जवळपास सगळे आजार आपल्याकडे आहेत किंवा होते.

सीएमटीमध्ये नेमकं काय होतं?

मेंदूकडून निघालेला संदेश पाठीच्या कण्यातून नसांमार्फत पायापर्यंत जातो. इथे नस म्हणजे रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू. त्याची रचना विजेच्या वायरसारखी असते. आत तार आणि वर मायलिन नावाचं आवरण. सीएमटीमध्ये एखाद्या जनुकातल्या दोषामुळे हे आवरण नीट तयार होत नाही, किंवा आतली तारच हळूहळू झिजते.

वायर जितकी लांब, तितका त्रास आधी. म्हणून सुरुवात जवळपास नेहमी पायापासून होते. पाऊल वर उचलणारे स्नायू कमजोर होतात आणि पाऊल खाली लटकतं. मग माणूस गुडघा उंच उचलून चालतो. तळव्याची कमान जास्त उंच होते, पायाची बोटं वाकडी होतात आणि पोटऱ्या बारीक होतात. बऱ्याच वर्षांनी हाताची पाळी येते. शर्टाचं बटण लावणं, कुलपात किल्ली फिरवणं अवघड जातं. बुद्धीवर सहसा परिणाम होत नाही आणि बहुतेकांचं आयुर्मानही कमी होत नाही.

हा आजार किती लोकांना असतो? नॉर्वेमधल्या १९७४ च्या एका अभ्यासातला 'अडीच हजारांत एक' हा आकडा जगभर वापरला जातो. २०११ च्या जनगणनेनुसार नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३३ लाख ६१ हजार आणि लातूरची सुमारे २४ लाख ५४ हजार. नॉर्वेचं प्रमाण इथे जसंच्या तसं लागू होईल असं नाही. पण अंदाजापुरतं धरलं, तर या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे २,३०० माणसं होतात. आता स्वतःला विचारा, तुम्ही 'सीएमटी' हा शब्द याआधी कितीदा ऐकला होता?

हा आजार दुसऱ्या आजारांसारखा का दिसतो?

नस बिघडली की शरीराकडे ते सांगायच्या मोजक्याच पद्धती असतात. बधिरपणा, मुंग्या, अशक्तपणा, बारीक होत जाणारे स्नायू. कारण कोणतंही असो, तक्रार तीच. त्यामुळे चुकीच्या पाट्या लागतात. आपल्या भागात दिसू शकणाऱ्या पाच पाट्या पाहू.

१. 'लहानपणी पोलिओ झाला असेल.' बारीक पोटरी आणि वाकडं पाऊल दिसलं की जुन्या पिढीला पोलिओच आठवतो. पण पोलिओ अचानक येतो, तापासोबत येतो आणि बहुतेक वेळा एका पायाला जास्त धरतो. सीएमटी दोन्ही पायांना जवळपास सारखाच आणि हळूहळू होतो. पोलिओत पायाची संवेदना शाबूत राहते, सीएमटीत ती कमी होऊ शकते. शिवाय भारतात पोलिओच्या नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला. त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या पायाला कोणी सवयीने 'पोलिओ' म्हणत असेल, तर तिथेच थांबून पुन्हा तपासायला हवं.

२. कुष्ठरोग. इथली चूक सर्वात जास्त दुखावणारी असते. कुष्ठरोगातही पाऊल लटकतं, हाताची बोटं आखडतात आणि नस जाड होते. सीएमटीच्या काही प्रकारांतही नस हाताला जाड लागते. त्यात कुष्ठरोगाचा एक प्रकार असा आहे, ज्यात अंगावर चट्टाच नसतो, फक्त नसांवर परिणाम होतो. म्हणजे 'चट्टा नाही, म्हणून कुष्ठरोग नाही' असं ठामपणे म्हणता येत नाही. फरक ओळखायच्या खुणा मात्र आहेत. कुष्ठरोग बहुतेक वेळा एका बाजूला जास्त असतो आणि काही ठरावीक नसाच पकडतो. त्यात बधिरपणा ठळक असतो, चप्पल पायातून गेल्याचं कळतही नाही. सीएमटीत दोन्ही बाजू सारख्या असतात, अशक्तपणा ठळक असतो आणि चप्पल निसटतेय हे सहसा कळतं, पण पाय ती धरून ठेवू शकत नाही.

भारताने २००५ च्या अखेरीस राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचं प्रमाण दहा हजारांमागे एकच्या खाली आणलं. तरी नवे रुग्ण सापडतात आणि आशा कार्यकर्त्या शोधमोहिमेत घरोघर जातात. ते काम गरजेचंच आहे, कारण कुष्ठरोग औषधाने बरा होतो आणि औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. म्हणून आधी कुष्ठरोग नाही याची खात्री करणं हे योग्यच. अडचण तेव्हा होते, जेव्हा औषधांचा कोर्स संपतो, पाय तसाच वाढत्या वेगाने नव्हे पण नेमाने बिघडत राहतो आणि दुसरा प्रश्न कोणी विचारत नाही.

३. 'मणक्यात गॅप आहे, नस दबली आहे.' आपल्याकडे पायाच्या तक्रारीचं हे सर्वात लोकप्रिय निदान. एमआरआय काढला की चाळिशीनंतर बहुतेकांच्या मणक्यात काही ना काही झीज दिसतेच. पण दिसलेली झीज हेच त्रासाचं कारण आहे का, हा वेगळा प्रश्न आहे. दबलेल्या नसेमुळे सहसा कंबरेतून एका पायात कळ जाते. दोन्ही पाय सारखे, हळूहळू आणि फारसं न दुखता बारीक होत असतील, तर ऑपरेशनच्या तारखेआधी दुसरं मत घ्या.

४. मधुमेह आणि बी-१२. शुगर वाढलेल्या माणसाच्या पायाची आग होते, मुंग्या येतात. बी-१२ कमी असेल तरी तसंच होतं. माळकरी आणि शाकाहारी घरांत ते कमी सापडू शकतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं घेतल्यानेही बी-१२ कमी होऊ शकतं. हे दोन्ही तपासणं स्वस्त आणि सोपं आहे, म्हणून ते आधी तपासावं. पण शुगर सापडली म्हणजे शोध संपला असं नाही. चौदाव्या वर्षापासून तळव्याची कमान उंच असेल, तर त्याचं खापर पन्नाशीतल्या शुगरवर फोडता येत नाही.

५. जीबीएस आणि त्याचा संथ भाऊ सीआयडीपी. या दोन्हींत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. सीआयडीपी जुनाट असतो आणि त्यावर स्टेरॉइड किंवा इम्युनोग्लोब्युलिन दिलं जातं. सीएमटीला सीआयडीपी समजण्याची चूक जगभर होते, मोठ्या शहरांतही होते. मग रुग्णाला वर्षानुवर्षं स्टेरॉइड मिळतं, त्याने शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात. इम्युनोग्लोब्युलिनचं बिल लाखांत जातं आणि पाय आहे तिथेच राहतो. उलट चूकही तितकीच वाईट. सीआयडीपीला 'घराण्याचा आजार' म्हणून सोडून दिलं, तर उपचार असलेला रुग्ण विनाकारण अपंग होतो.

मग डॉक्टर फरक कसा ओळखतात?

पहिलं साधन मशीन नाही, कॅलेंडर आहे.

जीबीएस दिवसांत वाढतो, जास्तीत जास्त चार आठवड्यांत टोकाला पोहोचतो. सीआयडीपी दोन महिन्यांहून जास्त काळ वाढत राहतो. सीएमटी वर्षांत, दशकांत चालतो. इतका हळू, की तो कधी सुरू झाला हे रुग्णालाच सांगता येत नाही. 'शाळेत असताना धावण्याच्या शर्यतीत कसे होता?' हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

दुसरी खूण म्हणजे तक्रार काय नाही. सीएमटीच्या बऱ्याच रुग्णांची संवेदना तपासणीत कमी निघते, पण मुंग्यांची तक्रार ते फारशी करत नाहीत. जन्मापासून तसंच असल्याने त्यांना वेगळं काही जाणवत नाही.

तिसरी पायरी नर्व्ह कंडक्शन स्टडी, ज्याला आपल्याकडे 'एनसीव्ही' म्हणतात. यात नसेला हलका करंट देऊन संदेशाचा वेग मोजतात. हातातल्या निरोगी नसेचा वेग साधारण सेकंदाला ५० मीटर किंवा जास्त असतो. सीएमटीच्या आवरण बिघडलेल्या प्रकारात तो ३८ मीटरच्या खाली असतो, बऱ्याचदा २० च्या आसपास.

पण फक्त वेग कमी आहे एवढं पुरेसं नाही, कारण तो सीआयडीपीतही कमी होतो. खरा फरक असा. एक रस्ता मुळातच सगळीकडे सारख्याच निकृष्ट डांबराचा झालाय, गाडी पहिल्या किलोमीटरपासून शेवटच्यापर्यंत सारखीच हळू जाते. हा सीएमटी. दुसरा रस्ता चांगला होता, पण मधे-मधे खड्डे पडलेत. गाडी कुठे वेगात, कुठे एकदम थांबते. हा सीआयडीपी. एनसीव्हीच्या रिपोर्टमध्ये हाच नकाशा वाचायचा असतो. म्हणून चाचणी घाईत एका पायावर उरकून चालत नाही, दोन्ही हात आणि दोन्ही पाय तपासावे लागतात.

जनुकीय चाचणीतली एक महागडी चूक

शेवटचं शिक्कामोर्तब जनुकीय चाचणीने होतं. सीएमटीशी जोडलेली शंभराच्या आसपास जनुकं आज माहीत आहेत. पण जगभर सर्वात जास्त आढळणाऱ्या प्रकाराचं, सीएमटी-१ए चं कारण एकच आहे. १७ व्या गुणसूत्रावरच्या पीएमपी-२२ या जनुकाची एक प्रत जास्तीची असते. गुणसूत्राचा हा भाग दुप्पट होतो, हे १९९१ मध्ये कळलं.

इथे गंमत अशी, की आज सर्रास लिहून दिली जाणारी 'एक्सोम' चाचणी जनुकातली अक्षरं वाचण्यात पटाईत आहे. पण अख्खं पान दोनदा छापलं गेलंय, ही चूक तिच्या नजरेतून निसटू शकते. त्यासाठी 'एमएलपीए' नावाची वेगळी आणि तुलनेने स्वस्त चाचणी लागते. म्हणजे महागडी चाचणी करून रिपोर्ट 'नॉर्मल' आला, तरी सीएमटी नाही असं म्हणता येत नाही. एनसीव्हीत वेग सगळीकडे सारखा कमी असेल, तर डॉक्टरांना 'आधी पीएमपी-२२ ची एमएलपीए करायची का?' हे विचारायला हरकत नाही.

औषधच नाही, तर निदान कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. सीएमटी-१ए बरा करणारं औषध आज बाजारात नाही. क जीवनसत्त्वाकडून मोठी आशा होती, पण चाचण्यांत ते अपयशी ठरलं. तरीही नाव कळल्याने चार गोष्टी बदलतात.

पहिली, चुकीचे उपचार थांबतात. स्टेरॉइड, मणक्याचं नको असलेलं ऑपरेशन, वर्षानुवर्षांची 'ताकदीची' इंजेक्शनं.

दुसरी, धोका टळतो. व्हिन्क्रिस्टीन हे औषध लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात नेहमी वापरलं जातं. सीएमटी-१ए असलेल्या माणसाच्या नसांवर त्याचा भयंकर परिणाम होऊ शकतो, चालता माणूस आडवा पडू शकतो. घरात सीएमटी आहे हे कर्करोगाच्या डॉक्टरांना आधीच माहीत असणं किती मोलाचं आहे, हे यावरून कळेल.

तिसरी, जगणं सोपं होतं. पाऊल वर धरून ठेवणारा एएफओ नावाचा प्लास्टिकचा आधार, फिजिओथेरपी, योग्य बूट, गरज पडल्यास पायाची शस्त्रक्रिया. यातलं काहीच चमत्कारिक नाही, पण पडणं कमी होतं. शिवाय दिव्यांग हक्क कायदा २०१६ नुसार अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल, तर आरक्षण आणि अनेक योजनांचा हक्क मिळतो. प्रमाणपत्रावर योग्य निदान असणं तिथे कामाला येतं.

चौथी, कधीकधी शोधताना वेगळाच आजार सापडतो आणि त्याला औषध असतं. एसएमए, म्हणजे स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, हाही जनुकीय आजार. त्याचा सौम्य प्रकार मोठेपणी पायाच्या अशक्तपणाने दिसू शकतो आणि दुसऱ्या आजारांत खपून जातो. त्यावरच्या रिस्डिप्लाम या औषधाच्या एका बाटलीची किंमत सहा लाखांच्या घरात होती. पेटंटच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालात हस्तक्षेप करायला सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये नकार दिला आणि हैदराबादच्या नॅटको कंपनीने तेच औषध १५,९०० रुपयांना बाजारात आणलं. पण ही किंमत त्याच घरासाठी कमी झाली, ज्या घराला आपल्याला एसएमए आहे हे माहीत आहे.

सोयरीक आणि लपवाछपवी

सीएमटी-१ए मध्ये आई किंवा वडील, एकाला आजार असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी असते. मुलगा-मुलगी असा भेद नाही. एक्स गुणसूत्राशी जोडलेल्या प्रकारात बाधित वडिलांकडून दोष सगळ्या मुलींकडे जातो, मुलांकडे जात नाही. काही प्रकारांत आईवडील दोघंही धडधाकट असतात, पण दोघांकडे एकेक सदोष प्रत असते. तिथे प्रत्येक मुलाला २५ टक्के धोका असतो.

हा शेवटचा प्रकार नात्यातल्या लग्नांत जास्त दिसतो. मराठवाड्यात मामाच्या किंवा आत्याच्या घरी सोयरीक होणं नवं नाही. याचा अर्थ नात्यातलं प्रत्येक लग्न धोक्याचं असा नाही. पण घरात कुणाला असा आजार असेल, तर लग्न ठरवण्याआधी जनुकीय समुपदेशन घेणं शहाणपणाचं आहे.

प्रत्यक्षात उलट घडतं. मुलीचं लग्न व्हायचंय म्हणून काकाचे पाय, आजीचे हात यांबद्दल घरात कोणी बोलत नाही. डॉक्टरांनी 'घरात कुणाला आहे का?' विचारलं की उत्तर येतं, 'नाही.' कधी ते लपवलेलं असतं आणि कधी खरंच माहीत नसतं, कारण आजोबांचा पाय 'पोलिओचा' आणि काकाचा 'मणक्याचा' ठरलेला असतो. एकाच घरात तीन नावांनी एकच आजार नांदत असतो. म्हणून शक्य असेल तर नुसतं विचारू नये, सोबत आलेल्या नातेवाइकांना चप्पल काढायला सांगून पाय पाहावेत.

नांदेड-लातूरमध्ये अडतं कुठे?

नांदेडला विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणाखालच्या उत्कृष्टता केंद्रांपैकी इथून जवळची दोन, एक मुंबईचं केईएम आणि दुसरं हैदराबादची सीडीएफडी आणि निम्स. या धोरणातून यादीतल्या आजारांसाठी ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. पण त्यासाठी आधी आजाराचं नाव हवं. आणि नाव मिळवायचं तर रोजंदारी बुडवून मुंबई किंवा हैदराबादची गाडी पकडायची, तीही एकदा नव्हे. महात्मा फुले जनआरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घेण्याच्या उपचारांसाठी आहे. निदानासाठीच्या फेऱ्या माणसाच्या खिशातूनच होतात.

पण सगळंच मुंबईत अडलेलं नाही. संशय घेण्याचं काम गावातही होऊ शकतं, आणि त्यासाठीची माणसं आधीच गावात येतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून अंगणवाड्या आणि शाळांत मुलं तपासतात. कुष्ठरोग शोधमोहिमेत आशाताई दारापर्यंत येतात. मुलाला दहा पावलं टाचेवर चालायला सांगणं आणि तळव्याची कमान पाहणं, याला मिनिटभर लागतं. अशा मुलांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचं आणि तिथून रक्ताचा नमुना मोठ्या केंद्राकडे. रुग्णाने प्रवास करण्याऐवजी नमुन्याने प्रवास केला, तर अर्धा खर्च तिथेच वाचतो.

तुम्ही आज काय करू शकता?

- घरात दोन किंवा जास्त जणांचे पाय बारीक, तळवे कमानदार किंवा चाल उंच पावलांची असेल, तर ते तीन वेगळे आजार आहेत असं गृहीत धरू नका.
- मुलाला टाचांवर चालता येत नसेल, तो सतत मुरगळून पडत असेल, तर न्यूरोलॉजिस्टला दाखवा.
- जाताना घराण्याची वंशावळ कागदावर लिहून न्या. कोणाला, कोणत्या वयात, काय त्रास होता एवढं पुरे. जुने फोटोही चालतील.
- जुने एनसीव्ही रिपोर्ट फेकू नका. सगळीकडे सारखा कमी वेग हा मोठा धागा असतो.
- हे वाचून सुरू असलेलं कोणतंही औषध स्वतःहून बंद करू नका. कुष्ठरोगाचं आणि सीआयडीपीचं तर नाहीच.
- पायातली ताकद काही तासांत किंवा दिवसांत जात असेल, तर तो सीएमटी नव्हे. वाट पाहू नका, लगेच मोठ्या रुग्णालयात जा. सीएमटी आधीपासून असलेल्यांनाही हे लागू आहे, कारण त्यांनाही दुसरा आजार होऊ शकतो.

पुण्यातल्या जीबीएसच्या वेळी सरकारी यंत्रणा धावली, पाण्याचे नमुने गेले, केंद्राचं पथक आलं. सीएमटीसाठी असं काही होणार नाही, कारण इथे एका महिन्यात दोनशे रुग्ण कधीच सापडत नाहीत. ते एकेका घरात, एकेका पिढीत वेगवेगळ्या नावांनी जगत असतात. पुढच्या सणाला सगळे भाऊबंद एकत्र बसतील, तेव्हा एकदा सगळ्यांच्या पायांकडे नीट पाहा. आजोबांचा 'पोलिओ' खरंच पोलिओच होता का, हा प्रश्न विचारायला तुमच्यापासून सुरुवात होऊ शकते.